विश्लेषण : मालवणच्या पाण्याखाली ‘शिकवतात’ ते नेमके काय? स्कुबाच्या पहिल्या धड्याचा दर्जा कसा ओळखायचा?

मानवतसारख्या समुद्रापासून दूरच्या गावातली कुटुंबेही आता सुट्टीत मालवणला जाऊन स्कुबा करतात. पोहता येत नसले तरी चालते, असे जाहिरात सांगते, आणि ते खोटे नाही. मग बोटीवरच्या दहा मिनिटांत काय शिकवले गेले पाहिजे, आणि ‘कोर्स’ म्हणून जे विकले जाते त्यात काय असायलाच हवे?

मानवतहून मालवण पाच-सहाशे किलोमीटर. दिवाळीच्या आसपास कापसाचे पैसे हाती आले, मुलांना सुट्ट्या लागल्या, की दोन-तीन कुटुंबे मिळून एखादी गाडी ठरते. कोल्हापूरला अंबाबाईचे दर्शन, मग घाट उतरून कोकण. रात्रीच कुणीतरी मोबाइलवर तारकर्लीच्या स्कुबाचा व्हिडीओ दाखवलेला असतो: निळे पाणी, माशांचे थवे, कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवणारा पर्यटक. सकाळी किनाऱ्यावर पैसे भरले जातात, एका कागदावर सही होते, बोट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या दिशेने निघते.

इथपर्यंतचा प्रवास सगळ्यांचा सारखा असतो. पुढे काय होते, ते बोटीवरचा प्रशिक्षक किती वेळ देतो आणि त्या वेळात काय करून घेतो यावर ठरते. आणि हा वेळ पुरेसा होता की नाही, हे ओळखण्याचे कुठलेही साधन पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या पर्यटकाकडे नसते. हॉटेलातली भाजी खारट झाली तर लगेच कळते. स्कुबाचा धडा कच्चा राहिला, तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, फोटो छान येतात आणि माणूस आनंदाने घरी जातो. कच्चेपणा कळतो तो एखादी गोष्ट बिघडते तेव्हाच, आणि ती बिघडते पाण्याखाली.

विहिरीत पोहणाऱ्याला स्कुबा सोपे जाते का?

उलट आहे. मराठवाड्यात पोहणे शिकण्याची जागा म्हणजे विहीर. पाठीला डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि काठावर काका किंवा मोठा भाऊ. पहिल्या दिवशी शिकतो ती गोष्ट एकच : पाण्यात गेलो की श्वास रोखायचा. पुढे सूर मारताना, तळाचा दगड वर आणताना हीच सवय पक्की होते आणि जितका वेळ दम टिकतो तितका तो पोहणारा भारी ठरतो.

स्कुबाचा पहिला आणि सर्वात मोठा नियम याच्या नेमका उलटा आहे. श्वास कधीही रोखायचा नाही.

कारण समजून घेण्यासारखे आहे. विहिरीत उडी मारणारा पृष्ठभागावरची हवा छातीत भरून खाली जातो. खाली दाब वाढतो, हवा आकसते. वर येताना ती पुन्हा मूळच्या आकाराची होते, त्याहून जास्त होत नाही. स्कुबात मात्र माणूस खाली असतानाच सिलिंडरमधून श्वास घेतो, आणि ती हवा त्या खोलीवरच्या दाबाने येते. समुद्रात दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून हवा घेतली आणि श्वास रोखून वर आले, तर त्या हवेला दुप्पट जागा लागते. फुप्फुसे दुप्पट होत नाहीत, ती फाटतात. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत गेले तर पृष्ठभागावर येताच माणूस बेशुद्ध पडू शकतो. अशी इजा सव्वा मीटर इतक्या कमी खोलीवरूनही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ‘आम्ही फक्त पाच-सहा मीटर खाली नेतो, काही होत नाही’ हे वाक्य म्हणूनच धीर देणारे असले तरी पुरेसे नाही. पहिले काही मीटर, म्हणजे जिथे दाबाचे प्रमाण सर्वात झपाट्याने बदलते तोच पट्टा, नवशिक्यासाठी सर्वात नाजूक असतो.

बोटीवर जो प्रशिक्षक ‘तोंडाने श्वास घ्या, घाबरू नका’ एवढेच सांगतो, त्याने नियम अर्धाच सांगितला. जो ‘श्वास रोखू नका’ सांगतो, कारण सांगतो आणि उथळ पाण्यात दोन मिनिटे तसे करून घेतो, त्याने शिकवले. विहिरीत पोहणाऱ्या मुलाने तर आधीच सांगून टाकावे की मला दम धरायची सवय आहे. जाणता प्रशिक्षक त्याच्याकडे जरा जास्त लक्ष देईल.

‘ट्राय डाइव्ह’ आणि ‘कोर्स’ यांत फरक काय?

किनाऱ्यावरच्या फलकांवर या दोन शब्दांची बरीच सरमिसळ असते. पर्यटक जे करतात ते बहुतांश ट्राय डाइव्ह, म्हणजे चव घेण्यापुरता अनुभव. प्रशिक्षक पाठीमागून सिलिंडर धरून ठेवतो, जॅकेटमध्ये हवा किती भरायची, किती सोडायची हे तोच बघतो, पर्यटक फक्त श्वास घेतो आणि मासे पाहतो. यातून मिळणारे रंगीत ‘सर्टिफिकेट’ ही भाग घेतल्याची आठवण आहे. ते दाखवून अंदमानात किंवा नेत्राणीला कोणी स्वतंत्र डाइव्ह करू देत नाही, देऊही नये.

‘ओपन वॉटर’ हा खरा प्राथमिक कोर्स. जगात तो शिकवणाऱ्या अनेक संस्था आहेत. १९६६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली पॅडी ही त्यांतली सर्वात मोठी. एसएसआय, नॉवी, सीमास ही इतर नावे. कार्ड वेगवेगळ्या रंगाचे असले तरी मूळ चौकट बरीचशी सारखी आहे आणि तिला आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. पॅडीच्या चौकटीत विद्यार्थ्याचे किमान वय दहा वर्षे. त्याला २०० मीटर पोहता आले पाहिजे (वेळेचे बंधन नाही) आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगता आले पाहिजे. मग थिअरी, तरणतलावात किंवा शांत उथळ पाण्यात सरावाची पाच सत्रे आणि त्यानंतर समुद्रात चार डाइव्ह. प्रशिक्षणाच्या डाइव्ह एका दिवसात तीनपेक्षा जास्त घेता येत नाहीत. म्हणजे समुद्रातल्या डाइव्हलाच किमान दोन दिवस लागतात, थिअरी आणि सराव वेगळा. कोर्स पूर्ण झाल्यावर जोडीदारासह १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता मिळते.

त्यामुळे ‘एका दिवसात लायसन्स’ अशी ऑफर दिसली, तर पुढे चौकशी करण्याचीही गरज नाही.

पोहता येत नसेल तर?

ट्राय डाइव्हला पोहण्याची अट नसते. जाहिरातीतले ते वाक्य खरे आहे. पण त्याचा अर्थ फारसे कोणी समजावून सांगत नाही. पोहता न येणारा माणूस पाण्याखाली गेला, की त्याची सुरक्षितता शंभर टक्के दुसऱ्या माणसाच्या हातात जाते. म्हणून तो दुसरा माणूस कोण आहे, हाच प्रश्न उरतो.

पॅडीच्या नियमांनुसार ट्राय डाइव्हमध्ये १२ मीटरपेक्षा खोल जाता येत नाही आणि खुल्या पाण्यात एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त चार जण. मालवणात बहुतेक ठिकाणी एका पर्यटकाबरोबर एक जण उतरतो, म्हणजे या बाबतीत इथली पद्धत आंतरराष्ट्रीय मर्यादेपेक्षाही कडक आहे. हे मान्य केले पाहिजे. स्थानिक मुले समुद्राच्या अंगाखांद्यावर वाढलेली, प्रवाह आणि वारा ओळखणारी, आणि मुख्य म्हणजे मराठीत बोलणारी आहेत. थायलंडला जाऊन इंग्रजीत अर्धवट समजलेल्या सूचनांपेक्षा मालवणी हेल असलेली मराठी केव्हाही बरी.

कमी पडतो तो वेळ. सुट्टीच्या दिवशी रांग लागलेली असते, भरती-ओहोटीने आणि वाऱ्याने तास मोजून दिलेले असतात, आणि पुढची तुकडी किनाऱ्यावर उभी असते. अशा वेळी सर्वात आधी कापला जातो तो सूचनांचा वेळ, कारण त्याचे फोटो निघत नाहीत.

त्या वेळात काय व्हायला हवे?

कान हा पहिला मुद्दा. दोन-तीन मीटरवरच कानाच्या पडद्यावर दाब जाणवू लागतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. हे दुखायला लागण्याआधी, दर अर्ध्या-एक मीटरला करायचे असते. दुखू लागल्यावर जोर लावून फुंकले तर पडद्याला इजा होऊ शकते. सर्दी असेल तर हा मार्ग चोंदलेला असतो आणि त्या दिवशी खाली न जाणेच शहाणपणाचे. रात्रभर एसी गाडीतून प्रवास करून नाक गळत असलेले कितीतरी पर्यटक सकाळी बोटीवर चढतात. ‘सर्दी आहे का?’ हा साधा प्रश्न विचारणारा प्रशिक्षक किती जणांना भेटतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

दुसरा मुद्दा खुणांचा, आणि इथे एक गंमत आहे. व्हिडीओत सगळे अंगठा दाखवतात. डायव्हिंगच्या भाषेत वर केलेला अंगठा म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘मला वर जायचे आहे’. सगळे ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. काही बिघडले असेल तर पंजा आडवा धरून हलवायचा आणि जिथे त्रास आहे तिकडे बोट दाखवायचे. कॅमेऱ्यासाठी अंगठा दाखवायची सवय प्रशिक्षकांनीही चालवून घेतली आहे. पण ज्या दिवशी एखादा पर्यटक खरोखर घाबरून अंगठा वर करील, त्या दिवशी प्रशिक्षकाने ते फोटोसाठी आहे असे समजू नये.

तिसरा मुद्दा तोंडातल्या रेग्युलेटरचा आणि डोळ्यांवरच्या मास्कचा. मास्कमध्ये थोडे पाणी शिरले की नवखा माणूस नाकाने श्वास घेतो, ठसका लागतो, आणि मग हात थेट वर जातात. मास्कचा वरचा काठ कपाळाशी दाबून नाकाने उच्छ्वास सोडला की पाणी बाहेर जाते. रेग्युलेटर तोंडातून निसटला तर तो शोधून परत तोंडात घालायचा, त्यावरचे बटण दाबायचे किंवा जोरात फुंकायचे, की आतले पाणी निघून जाते. दोन्ही गोष्टी ऐकून येत नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दोन-तीनदा कराव्या लागतात. म्हणूनच नियमांत उथळ पाण्याचा आग्रह आहे, जिथे काही चुकले तर नुसते उभे राहता येते. सहा मीटर खोल पाण्यात नांगरलेल्या बोटीच्या शिडीला धरून केलेला सराव हा त्याला पर्याय म्हणून चालवून घेतला जातो, पण पायाखाली जमीन नसलेल्या माणसाचे अर्धे लक्ष शिडीकडेच असते.

या सगळ्याला फार तर अर्धा तास लागतो. पर्यटकाने दिलेल्या पैशांत हा अर्धा तास धरलेला आहे का, हे पैसे देण्याआधी विचारता येते.

कागदावरच्या सहीचे काय?

पैसे भरताना पुढे केलेला कागद हा नुसता ‘आमची जबाबदारी नाही’ असा मजकूर नसावा. नीट चालणाऱ्या केंद्रात आरोग्याची प्रश्नावली असते: दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण, चालू औषधे. यातल्या काही प्रश्नांना ‘हो’ उत्तर असेल तर डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरवत नाहीत. सहाशे किलोमीटर प्रवास करून आलेला माणूस किनाऱ्यावर ‘हो’ लिहील ही अपेक्षा जरा भाबडी आहे. कारण त्याला दिवस वाया घालवायचा नसतो, आणि केंद्रालाही गिऱ्हाईक परत पाठवायचे नसते. म्हणून ही प्रश्नावली निघण्याआधी मागवून घेतलेली बरी. ती इंटरनेटवर उपलब्ध आहे आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना मानवतमध्येच दाखवता येते. दमा असलेल्या मुलाला बोटीवर नेऊन मग ‘तू बस’ म्हणण्यापेक्षा ते सोपे.

त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो का?

बातम्यांमध्ये आणि बोलण्यात ‘ऑक्सिजन सिलिंडर’ हा शब्द इतका रुळला आहे की हा प्रश्न विचित्र वाटेल. पण पर्यटकाच्या पाठीवर असते ती साधी हवा, गाळून आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा-सात मीटरच्या खाली गेले तर तो विषारी ठरू शकतो. फिट येऊ शकते. जो प्रशिक्षक स्वतःच ‘ऑक्सिजन’ म्हणतो, तो कदाचित पर्यटकांना समजावे म्हणून म्हणत असेल. तरी ‘यात काय भरलेले आहे?’ हा प्रश्न त्याच्या तयारीची चांगली परीक्षा घेतो. खरा ऑक्सिजन बोटीवर वेगळा असायला हवा. फुप्फुसाची इजा झाल्यास प्रथमोपचार म्हणून तोच लागतो. तो कुठे ठेवला आहे, हेही विचारावे.

प्रशिक्षक कसा तयार होतो?

या विषयावरची जगभरातली खरी चर्चा इथे सुरू होते. ओपन वॉटर, ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू, डाइव्हमास्टर आणि मग इन्स्ट्रक्टर अशा पायऱ्या आहेत. डाइव्हमास्टर मदत करू शकतो, अनुभवी डायव्हरना फिरवून आणू शकतो, पण ओपन वॉटरचा कोर्स शिकवणे हे इन्स्ट्रक्टरचेच काम. पॅडीत इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला बसायला किमान वय १८, डायव्हर होऊन किमान सहा महिने आणि नोंदवलेल्या किमान १०० डाइव्ह लागतात. परीक्षा शिकवणारा घेत नाही, संस्थेने पाठवलेला परीक्षक घेतो, ही त्यातली जमेची बाजू. पण आकडे पुन्हा पाहिले तर लक्षात येते, की सहा-सात महिन्यांपूर्वी पहिल्यांदा पाण्याखाली गेलेला तरुण नियमांत राहून आज दुसऱ्याला शिकवू शकतो. शंभर डाइव्ह एकाच शांत, स्वच्छ खाडीत झालेल्या असतील, तर गढूळ पाण्यात घाबरलेला विद्यार्थी त्याने कधी पाहिलेलाच नसतो.

जुन्या पिढीतल्या डायव्हरची तक्रार असते की पूर्वी कोर्स आठवडेच्या आठवडे चालायचा, आता तीन-चार दिवसांत उरकतात. तक्रारीत तथ्य आहे, पण अर्धेच. साधने आता खूप सुधारली आहेत, थिअरी मोबाइलवर आधीच करून येता येते, आणि नियम दिवसांवर बेतलेले नाहीत, कौशल्यावर आहेत. विद्यार्थ्याने प्रत्येक कृती सहजपणे आणि पुन्हा पुन्हा करून दाखवली पाहिजे असे नियम सांगतो. अडचण अशी की ‘सहजपणे’ म्हणजे काय हे ठरवणारा प्रशिक्षकच, आणि त्याचा दिवसाचा हिशेबही त्याच्याच मालकाकडे. एकदा मास्क साफ केला, डोळे लाल झाले, ठसका लागला, तरी ‘झाले’ अशी खूण करणे सोपे असते. चांगला प्रशिक्षक ‘परत’ अशी खूण करतो. विद्यार्थ्याला राग येतो, आणि तो यायला हरकत नाही.

शिकवण्याच्या पद्धतीतही एक फरक बघता येतो. बरेच प्रशिक्षक विद्यार्थ्यांना तळावर गुडघे टेकवून बसवतात आणि सगळे सराव तसेच करून घेतात. ते सोपे असते, पण समुद्रात कोणी गुडघ्यांवर चालत नाही. तरंगत्या अवस्थेत, तळाला न टेकता तेच सराव करून घेणारे प्रशिक्षक वाढत आहेत. मालवणच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. इथल्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तळाशी प्रवाळ आहेत. तरंगता न येणारा डायव्हर पायातल्या फिनने जे मोडतो, ते पुन्हा वाढायला वर्षे लागतात.

शिकवण्यातली कसूर जीवघेणी ठरते ती बहुधा अशाच ‘चालून जाईल’ म्हणण्यातून. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, लेक मॅकडोनाल्ड या थंडगार तळ्यात एका विद्यार्थिनीचा कोर्स चालू असतानाच मृत्यू झाला. ती नवशिकी नव्हती, पुढच्या पायरीचा कोर्स करत होती. पण अंगावरचा ड्रायसूट तिच्यासाठी नवा होता, त्यात हवा भरण्याची नळी जोडलेलीच नव्हती आणि शिशाचे वजन गरजेपेक्षा जास्त लावलेले होते. खोल जाताना सूट आवळत गेला आणि तिला वर येता आले नाही. यातली प्रत्येक चूक काठावर, पाण्यात उतरण्याआधी दिसू शकत होती.

याच मुद्द्याला आकड्यांचाही आधार आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. घटनेची सुरुवात कशाने झाली हे जिथे ओळखता आले, तिथे ४१ टक्के वेळा उत्तर होते : हवा संपत आलेली होती. शार्क नाही, वादळ नाही. गेज न पाहणे. पहिल्याच दिवशी शिकवायची ही गोष्ट आहे.

महाराष्ट्रात देखरेख कोणाची?

बोटी आणि किनाऱ्यावरच्या जलक्रीडा महाराष्ट्र सागरी मंडळाच्या परवान्याखाली येतात. त्याशिवाय राज्याने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यानुसार जमीन, पाणी आणि हवेतले साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सक्तीची झाली. प्रशिक्षणाच्या बाजूने पाहिले तर तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्वतःची स्कुबा संस्था, इस्दा, आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा आहे. डायव्हिंग शिकवण्यासाठी खास बांधलेला खोल तरणतलाव तिथे आहे, आणि आधी सांगितलेल्या ‘पायाखालच्या जमिनी’चा प्रश्न तो सोडवतो. गोव्यातही केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे.

म्हणजे नियम आहेत, संस्थाही आहेत. पण नोंदणीचा कागद केंद्राला मिळतो, आणि पर्यटकाला पाण्यात नेतो तो त्या दिवशीचा माणूस. हंगामात मदतीला आलेला पोरगा कितपत शिकलेला आहे, हे नोंदणीच्या कागदावरून कळत नाही.

आणि धोका पाण्याखालीच असतो असेही नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा मृत्यू झाला. डाइव्ह संपली की सगळे सैलावतात, लाइफ जॅकेट काढून फोटो बघत बसतात. किनाऱ्याला पाय लागेपर्यंत ते अंगावर हवे, हेही पहिल्याच सूचनांमध्ये यायला पाहिजे. शिवाय मेअखेरीस समुद्र खवळू लागतो. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात ते उगाच नाही.

येत्या काळात ही गर्दी वाढेल. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीजवळ समुद्रात विसावून तिथे पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा राज्याचा प्रकल्प आहे. बुडालेली नौका बाहेरून पाहणे वेगळे आणि तिच्या आत शिरणे वेगळे. आत शिरायला ओपन वॉटरचे कार्डही पुरत नाही, स्वतंत्र प्रशिक्षण लागते.

घरबसल्या काय तपासता येते?

बरेच काही, आणि तेही हातातल्या मोबाइलवर. प्रशिक्षकाला त्याचा सदस्य क्रमांक विचारायचा. पॅडीच्या संकेतस्थळावर तो टाकला की संबंधित व्यक्ती इन्स्ट्रक्टर आहे की डाइव्हमास्टर, आणि सध्या शिकवण्याच्या स्थितीत आहे की नाही, ते दिसते. इतर मोठ्या संस्थांकडेही चौकशी करता येते. क्रमांक विचारल्यावर चिडणारा प्रशिक्षक आपले उत्तर देऊनच टाकतो. केंद्राला फोनवर दोन प्रश्न पुरेत : ‘खोल पाण्यात जाण्याआधी उभे राहता येईल अशा पाण्यात सराव घेता का?’ आणि ‘खाली जाऊन मला नको वाटले तर काय?’ दुसऱ्याचे उत्तर ‘काही होत नाही हो’ असे आले, तर ते उत्तर नव्हे. कधीही, कारण न देता वर येता येते, असे प्रशिक्षकाने आपणहून सांगायला हवे.

ज्यांना खरा कोर्स करायचा आहे, त्यांच्यासाठी मानवत दूर असल्याचा फारसा तोटा नाही. थिअरी ऑनलाइन असते, घरी बसून महिनाभर सावकाश करता येते. तरणतलावातला सराव पुण्या-मुंबईतल्या डाइव्ह केंद्रांत होतो. समुद्रातल्या चार डाइव्ह नंतर मालवण, अंदमान किंवा नेत्राणीला जाऊन पूर्ण करता येतात. कोर्सचा खर्च साधारण २५ हजारांच्या पुढे जातो, त्यामुळे घाईत उरकून घेण्यात काही हशील नाही. त्याआधी एक काम मात्र करावे लागेल : विहिरीत येणारे पोहणे २०० मीटर सलग, न थांबता येते का ते पाहणे. विहिरीच्या दोन काठांमध्ये ते कधी कळत नाही.

परतीच्या प्रवासाचाही स्कुबाशी संबंध आहे. ट्राय डाइव्हच्या उथळ आणि छोट्या फेरीनंतर धोका बराच कमी असतो. पण कोर्समध्ये दोन दिवस १२ ते १८ मीटरवर गेलेल्यांच्या शरीरात नायट्रोजन साठलेला असतो आणि उंचावर गेले की तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. म्हणून अनेक डाइव्ह झाल्यावर विमान प्रवासाआधी किमान १८ तास थांबण्याचा सल्ला दिला जातो. हा सल्ला साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे, आणि आंबोली त्याहून उंच आहे. मराठवाड्याकडे परतणाऱ्यांनी शेवटच्या डाइव्हनंतर लगेच घाट चढायला निघू नये. ती रात्र मालवणातच काढावी, सुरमईचे ताट मागवावे, सकाळी उजाडल्यावरही गाडी जरा उशिराच काढावी.